त्या लाल गोळ्या आधी पिठाच्या डब्यामागून काढ

बार्शी तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. पत्र लांब आहे, त्यातला गाभा तिच्याच शब्दांत देते:

«डॉक्टरबाई, माझं हे दुसरं बाळंतपण. सहावा महिना लागलाय. पहिली मुलगी तीन वर्षांची आहे, तिच्या वेळी बाळंतपणात माझं रक्त फार गेलं होतं. आता हिमोग्लोबिन ९.४ आलं म्हणून उपकेंद्रातून रोज दोन लाल गोळ्या घ्यायला सांगितल्या. सकाळी उपाशीपोटी दोन्ही गोळ्या आणि त्याच्याबरोबर कॅल्शियमची एक, अशा चहाबरोबर घ्यायचे. तासाभरात पोटात ढवळायचं, कधी उलटी व्हायची. दिवसभर तोंडाला लोखंडाची चव. शौचाला काळं, आणि इतकं घट्ट की डोळ्यांतून पाणी यायचं. सासूबाई म्हणतात, या गोळ्या उष्ण पडतात, बाळ काळं होतं, आणि पोटात फार वाढलं तर सिझर करावं लागतं. महिना झाला, मी गोळ्या बंद केल्यात. आशाताईंना मात्र ‘घेते’ म्हणून सांगते. पाकिटं पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवलीत. आमच्या घरी माळ आहे, अंडी-मटण चालत नाही. हल्ली येता-जाता कच्चे तांदूळ तोंडात टाकावेसे वाटतात. बीट आणि डाळिंब खाऊन भागेल का? आणि एकादशीला गोळी घेतली तर चालते का?»

बाळ, तुझं पत्र दोनदा वाचलं. मळमळीचं आणि शौचाचं सांगतेच, पण त्याआधी एक काम कर. पत्र वाचताना ज्या ओळीवर माझं काळीज धस्स झालं, ती ओळ पिठाच्या डब्यामागच्या पाकिटांची. घरात तीन वर्षांची पोर आहे. या गोळ्या लाल आहेत, वरून साखरेचं वेष्टण आहे, पोरीच्या लेखी त्या लिमलेटच्याच. लोहाच्या गोळ्या लहान मुलानं मूठभर खाल्ल्या तर ती जिवावरची विषबाधा असते. आणि त्यातला फसवा भाग असा की सुरुवातीच्या उलट्या-जुलाबांनंतर मूल काही तास बरं झाल्यासारखं दिसतं, मग एकाएकी ढासळतं. आज सगळी पाकिटं काढ, गोळ्या मोज आणि कुलपाच्या कपाटात ठेव. कधी काळी पोरीनं एखादी जरी गिळल्याचा संशय आला, तरी घरगुती उतारा करत बसू नका, उलटीची वाट बघू नका. पाकीट हातात घेऊन तिला थेट दवाखान्यात न्या.

आता तू आशाताईंना जे सांगतेस त्याबद्दल. मी तुला रागावणार नाही, आणि त्याला कारण आहे. दवाखान्यात नवी होते तेव्हा एक बाई दर महिन्याला तपासायला यायची. गोळ्या वाढवल्या तरी हिमोग्लोबिन हलत नव्हतं. “घेतेस ना?” म्हटलं की मान खाली घालून “घेते” म्हणायची. एकदा मी सगळ्यांसमोर तिला बोलले, की औषध घेऊनही रक्त वाढत नाही म्हणजे तूच काहीतरी लपवतेस. ती पुन्हा आली नाही. ती लपवत होती हे खरं, पण गोळीनं तिला काय होतंय हे मी एकदाही विचारलं नव्हतं. तो प्रश्न तेव्हा विचारला असता तर, ही रुखरुख अजून आहे. म्हणून तुला सांगते, तू चुकार नाहीस. गोळ्या सोडणाऱ्या बायका किती आहेत ते बघ. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांचं रक्त कमी निघालं, आणि पुरते १८० दिवस गोळ्या घेतल्या असं सांगणाऱ्या आया होत्या अवघ्या २६ टक्के.

पण खरं न सांगण्याचा तोटा तुलाच आहे. तू ‘घेते’ म्हणालीस आणि हिमोग्लोबिन ९.४ चं ९ झालं, तर डॉक्टरांना वाटणार औषध लागू पडत नाही. मग ते औषध वाढवतील, किंवा नको त्या तपासण्यांना पाठवतील. सरकारी पद्धतच अशी आहे की दोन गोळ्या घेऊन महिन्याभरात हिमोग्लोबिन एक ग्रॅमनंही वाढलं नाही, तर बाईला पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. त्या सगळ्याचा पाया तुझ्या एका उत्तरावर उभा असतो. तेव्हा आशाताईंना या आठवड्यातच गाठ आणि म्हण, “ताई, महिना झाला घेतल्या नाहीत, सोसवत नव्हत्या.” त्या हे पहिल्यांदा ऐकत नसतील.

आता गोळीचं. तुझ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड आहे. त्यातलं थोडंच लोह रक्तात शिरतं, उरलेलं आतड्यातून पुढे सरकतं. जठराला आणि आतड्याला टोचतं ते हे उरलेलं लोह. मळमळ, जळजळ, शौचाचा काळा रंग, सगळं त्यातूनच. तू काय करत होतीस? रिकाम्या पोटात दोन्ही गोळ्या एकदम, म्हणजे १२० मिलिग्रॅम. वर चहा, जो लोह निम्म्याहून जास्त अडवून धरतो. आणि सोबत कॅल्शियम, तेही लोहाच्या आड येतं. म्हणजे रक्तात जायचं ते गेलं नाही आणि आतड्याला सोसायचं होतं ते दुप्पट झालं. उपाशीपोटी लोह जास्त शोषलं जातं हे खरं आहे, कुणी चुकीचं सांगितलं नाही. पण जी गोळी उलटून पडते तिच्या शोषणाचा हिशेब काय करायचा?

आजपासून असं कर. पहिले पाच-सहा दिवस एकच गोळी, आणि ती रात्री. आठ-साडेआठला जेवलीस तर दहाच्या सुमाराला, पोट अगदी रिकामं नाही आणि गच्चही नाही अशा वेळी. पेलाभर पाण्यात अर्धं लिंबू पिळून त्याच्याबरोबर गीळ. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. लिंबानं जळजळत असेल तर साधं पाणी घे आणि वर आवळ्याची किंवा पेरूची फोड खा. चावू नकोस, कुटू नकोस, वेष्टण फुटलं की लोखंडाची चव तोंडभर होते. गिळून झाल्यावर लगेच आडवी होऊ नकोस, अर्धा तास बसून राहा, मग डाव्या कुशीवर झोप. मळमळ होणारच असेल तर बरीचशी झोपेत निघून जाते, हा रात्रीच्या गोळीचा मोठा फायदा. माझ्या पहिल्या गरोदरपणात मलाही सकाळची गोळी ठरली नव्हती. रात्री घ्यायला लागले आणि सुटले.

एवढं करूनही ढवळलं तर जेवणाच्या शेवटच्या घासाबरोबर घे. शोषण कमी होईल, होऊ दे. पोटात राहिलेली अर्धी गोळी डब्यामागच्या पाकिटांपेक्षा बरी.

एक गोळी अंगवळणी पडली की दुसरीचं सिस्टरशी बोलून ठरव. दोन्ही एकदम पुन्हा घ्यायच्या नाहीत. दुसरी दुपारी चारच्या सुमाराला घेता येईल, फक्त तिच्या मागे-पुढे तासभर चहा नको. सकाळचा चहा तुझा तुला राहिला. कॅल्शियमच्या दोन गोळ्या न्याहारीनंतर आणि दुपारच्या जेवणानंतर घे, लोहापासून निदान दोन तास लांब. सासूबाई रात्री केशर-दूध देत असतील (माळकऱ्यांच्या घरी गरोदर सुनेला ते मिळतंच मिळतं), तर तेवढं संध्याकाळी पाचच्या पुढे, दुसऱ्या गोळीच्या तासा-दीड तासानंतर घे. दूध आणि लोह यांचं जमत नाही. जळजळीसाठी कुणी गुलाबी पातळ औषध दिलं असेल, तर तेही लोहाच्या वेळेपासून दूर ठेव. आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर लोहात आणि तिच्यात चार तासांचं अंतर हवं. तू लिहिलं नाहीस, पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगते.

शौचाचा त्रास मला मळमळीपेक्षा मोठा वाटतो, कारण त्यापायी बायका गोळ्या कायमच्या सोडतात. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे आतड्याची चाल आधीच मंदावते, त्यात लोहाची भर. खडा धरू लागला की बाई कुंथते, मग चीर पडते किंवा मूळव्याध डोकं काढते, आणि तिथून पुढे शौचाला जायचीच भीती बसते. तेव्हा खडा धरण्याआधीच बंदोबस्त हवा. दिवसभर पाणी पीत राहा, तहान लागायची वाट बघू नकोस. ज्वारीची भाकरी आहेच, तिच्याबरोबर पालेभाजी मूठभर नको, वाटीभर हवी. दोन-तीन भिजवलेले अंजीर किंवा मूठभर मनुका सकाळी खा. रात्री जेवणाआधी पेलाभर पाण्यातून एक-दोन चमचे इसबगोल घेतलास तर चालतो, गरोदरपणात तो सुरक्षित आहे. फक्त त्यावर आणखी एक पेला पाणी पिऊन टाक, आणि लोहाच्या गोळीत व त्यात दोनेक तास जाऊ दे. तेवढ्यानं भागलं नाही तर लॅक्टुलोजचं सिरप डॉक्टर लिहून देतील. मागून घे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र घरात कुणी एरंडेल पुढे केलं तर हात जोडून नको म्हण. एरंडेलानं गर्भपिशवी आकुंचन पावू शकते. सोनामुखीचं चूर्णही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

शौचाचा काळा किंवा हिरवट-काळा रंग म्हणजे न शोषलेलं लोह. भ्यायचं कारण नाही. उलट आम्हाला त्यातून कळतं की बाई गोळ्या घेतेय. पण शौचाला डांबरासारखं चिकट, घाण वास मारणारं होत असेल, सोबत चक्कर येत असेल, तर ते गोळीचं नाही, पोटातला रक्तस्राव असू शकतो, तेव्हा थांबू नकोस. लाल रक्त पडलं तरी दाखव. आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. पाचव्या महिन्यानंतर वरच्या पोटात जोरात दुखणं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, एकाएकी चेहऱ्यावर-हातांवर सूज येणं, यातलं काहीही झालं तर ‘गोळीचाच त्रास असेल’ म्हणून घरी बसायचं नाही. ती रक्तदाब वाढल्याची लक्षणं असतात. त्याच दिवशी दवाखाना. बसल्या जागी धाप लागली, छाती धडधडत राहिली, पाण्याचा घोटही पोटात ठरेना, तरी तसंच.

सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांना तुझी आणि बाळाची काळजी आहे, फक्त ती गोळीवर निघतेय. बाळाचा रंग आई-बापाकडून येतो, गोळीचा रंग शौचाला लागतो, बाळाला लागत नाही. केशरानं जसा गोरेपणा येत नाही तसा लोहानं काळेपणा येत नाही. ‘बाळ फार वाढतं’ या भीतीचं उलट आहे. आईचं रक्त कमी असलं की बाळ वजनाला कमी भरण्याची, दिवस भरण्याआधी होण्याची शक्यता वाढते. त्यांना एक हिशेब सांग, किंवा सिस्टरकडून सांगव, बाहेरच्या माणसाचं कधी कधी लवकर पटतं. गरोदरपणात आईचं रक्त साधारण दीडपट होतं. त्याला, बाळाला आणि वारेला मिळून सगळ्या महिन्यांत सुमारे एक ग्रॅम जास्तीचं लोह लागतं. शेवटच्या तीन महिन्यांत बाळ आपल्या अंगात लोहाची शिदोरी बांधून घेतं, कारण अंगावरच्या दुधात लोह फार थोडं असतं आणि पहिले चार-सहा महिने त्याला त्या शिदोरीवर काढायचे असतात. आई कोरडी असली तरी बाळ ओढून घेतं. रिकामी होते ती आई. आणि सरळ बाळंतपणातसुद्धा अर्ध्या लिटरपर्यंत रक्त जाऊ शकतं. हिमोग्लोबिन १२ असलेली बाई त्यातून उठून बसते. ९ वाली बाई थोडं जास्त रक्त गेलं तरी धोक्यात येते. तुझं मागच्या वेळी गेलं होतं. सासूबाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं असेल, त्यांना आठवण कर.

बीट आणि डाळिंबाचं विचारलंस. आवडत असतील तर खा, पण रंग लाल म्हणून रक्त वाढतं असं नाही. शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं, डाळिंबात त्याहून कमी. साठ मिलिग्रॅमच्या गोळीची जागा ती घेऊ शकत नाहीत, खरं तर कुठलाच आहार एकट्यानं ९.४ वरून ११ वर नेणार नाही, आणि गरोदरपणात ११ च्या खालचं सगळं कमीच धरतात. मात्र गोळीला हातभार लावणारं तुमच्याच स्वयंपाकघरात पुष्कळ आहे. हुलगे, मटकी, चवळी, मसूर. हुलग्याचं माडगं तुमच्या भागात होतंच. कडधान्यांना मोड आणले की लोहाला अडवणारे घटक कमी होतात. तांदुळजा, माठ, मेथी, शेपू, राजगिऱ्याचा पाला हे लोखंडी कढईत परत आणि पानात आल्यावर वर लिंबू पीळ. शेंगाचटणी, तीळ, कारळ्याची चटणी आहेच. हळिवाचे लाडू मात्र आत्ता नकोत, आपल्याकडे ते बाळंतिणीला देतात, तेव्हाच खा. आणि जेवणावर लगेच चहा नको. ही एक सवय सुटली तर निम्मी लढाई सोपी होते.

कच्च्या तांदळाचं तू जाता जाता लिहिलंस, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. कुणाला तांदूळ, कुणाला भाजकी माती, कुणाला पाटीवरची पेन्सिल, कुणाला बर्फ. ही ओढ बऱ्याचदा लोहाच्या कमतरतेचीच खूण असते. ‘डोहाळे’ म्हणून सोडून देऊ नकोस, डॉक्टरांना सांग. लोह भरून आलं की ती आपोआप ओसरते, बायका स्वतःच येऊन सांगतात. माती खात असशील तर तीही सांग, तिच्यातून जंत पोटात जातात. चौथ्या ते सहाव्या महिन्यात जंताची गोळी एकदा देतात, ती मिळाली का ते कार्डावर बघ.

आता समज, रात्री घेतली, एकच घेतली, पंधरा दिवस नेटानं केलं, तरी सोसत नाही. तरी रस्ता बंद होत नाही. लोहाचे क्षार वेगवेगळे असतात, फेरस सल्फेट, फ्यूमरेट, अ‍ॅस्कॉर्बेट, बिसग्लायसिनेट. एक नाही मानवला तर दुसरा मानवतो. दुकानातून घेताना पाकिटावर ‘एलिमेंटल’ लोह किती ते वाच, गोळीचं वजन आणि आतलं लोह वेगळं असतं. फेरस सल्फेटच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ६५ मिलिग्रॅमच लोह असतं. ‘हळूहळू विरघळणारी, अजिबात त्रास न देणारी’ अशी महागडी गोळी कुणी पुढे केली तर जपून. ती त्रास कमी देते, कारण लोह जिथे शोषलं जातं तो आतड्याचा भाग ओलांडून पुढे सुटते. एक दिवसाआड गोळी हाही मार्ग आहे. एका डोसानंतर शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते साधारण एक दिवस पुढच्या लोहाला दार लावून घेतं. पण तुझ्या आकड्याला ते पुरेल का, हे डॉक्टरांनी ठरवायचं, तू नाही.

आणि गोळी कुठलीच चालली नाही तर शिरेतून लोह देतात, आयर्न सुक्रोज किंवा फेरिक कार्बोक्सिमाल्टोज. पहिल्या तीन महिन्यांत ते देत नाहीत, तू त्यापुढे आहेस. याला ‘रक्त चढवणं’ म्हणून घाबरू नका, ती लोहाची सलाईन आहे. क्वचित अ‍ॅलर्जी येते म्हणून दवाखान्यातच, देखरेखीखाली घ्यायची. दिवस थोडे उरले असतील, आकडा कमी असेल, गोळी पोटात ठरत नसेल, तर मी स्वतः याच बाजूची आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, तिथे डॉक्टर भेटतात. पुढच्या ९ तारखेला कार्ड घेऊन जा आणि हे सगळं विचार. सोबत दोन गोष्टींची आठवण दे. घरी माळ आहे, अंडी-मटण नाही, म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व कमी असू शकतं, आणि ते कमी असेल तर नुसत्या लोहानं रक्त वाढत नाही. दुसरं, थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची तपासणी झाली नसेल तर करून घे.

बाळंतपणानंतरही या गोळ्या सहा महिने घ्यायच्या असतात. मागच्या वेळी घेतल्या होत्यास का? बहुतेक नसशील. मुलीच्या वेळचं गेलेलं भरून निघालं नाही आणि हे बाळ राहिलं, असं मला पत्रावरून वाटतं.

राहिली एकादशी. गोळी घ्यायचीच. ते औषध आहे, अन्न नाही, त्यानं उपास मोडत नाही. तुमच्या घरातले म्हातारे वारकरीसुद्धा रक्तदाबाची गोळी उपासाला घेतच असतील. पण निर्जळ करू नकोस, आणि दिवसभर साबुदाणा-चहावर काढू नकोस. साबुदाण्यात लोह जवळजवळ नाही आणि शौचाला आणखी घट्ट होतं. भगर आणि शेंगदाण्याची आमटी कर, राजगिऱ्याचे लाडू खा, पेरू खा, पाणी पी. रात्री झोपण्याआधी लाडूचा एक तुकडा, आणि त्यावर लिंबाच्या पाण्याबरोबर तुझी गोळी.